वाठोरे सरांची चिनी बोटं

आनंदराज वाठोरे सरांना चिनी बोलता येत नाही. एक शब्दही नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी मांडवात माईकवरून त्यांची ओळख "चिनी भाषेचे गाढे अभ्यासक" अशी करून दिली गेली आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. सर चिनी वाचतात, चिनी टाईप करतात, पण समोर चिनी अक्षर आलं की त्यांच्या तोंडातून मराठीच बाहेर पडतं. सूर्याचं अक्षर दिसलं की ते "सूर्य" म्हणतात. त्या अक्षराचा चिनी उच्चार काय, हे त्यांना ठाऊक नाही आणि कोणी विचारलं तर चिडतात. "मला गप्पा मारायच्या हायत का त्यांच्यासंगं? मला वाचायचं हाय," म्हणतात.

सरांची हदगावला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मी तिथेच शिकले. आज नांदेडच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून मी जी भाकरी खाते, ती सरांच्या त्या खडखडणाऱ्या मशिनींवरची आहे. सर आमच्या हातांवर टॉवेल टाकायचे. टॉवेलाखाली बोटं चालली पाहिजेत आणि डोळे कागदावर पाहिजेत. कोणी मान खाली घातली की लांबूनच आवाज यायचा, "तनुजाबाई, खाली काय पडलंय? सोनं पडलंय का?" माझी मान जात्याच खाली जाणारी, त्यामुळे ते सोनं माझ्याच नावावर जास्त वेळा पडलं.

आता चिनी कुठून आलं, ते ऐका. हदगावच्या विहारात एकदा एक भंते प्रवचनाला आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, की आपल्या भूमीत लिहिले गेलेले कितीतरी धम्मग्रंथ आपल्याकडे नष्ट झाले, पण चिनी भाषांतरात ते अजून टिकून आहेत. बाकीचे लोक साधू साधू म्हणून खिरीच्या रांगेला लागले. सर मात्र घरी आले ते फणफणतच. "आपल्या घरची चीज शेजाऱ्याकडं जपून ठेवलेली हाय, अन् आपल्याला मागायची जबान येत न्हाई? हे काय झालं?" सरजाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, तेव्हा पीठ चाळत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मग शिका की." पुढे कितीतरी वर्षं त्या सांगायच्या, "मी आपलं चाळता चाळता बोलले. मला काय म्हाईत, हा माणूस खरंच शिकंल."

सरांनी नांदेडच्या एका कॅफेतून ग्रंथ सीडीवर उतरवून आणले. घरच्या कॉम्प्युटरवर उघडले तर काय, पडदाभर चौकोनी डबे! ओळीच्या ओळी नुसते डबे. हदगावात विचारलं, नांदेडात विचारलं. एक जण म्हणाला व्हायरस आहे, दुसरा म्हणाला चिनी असंच दिसतं. सरांना क्षणभर तेही खरं वाटलं असावं, कारण ते म्हणाले होते, "तसं असंल तर डबेच वाचाया शिकू."

त्यांची मुलगी धम्मप्रिया तेव्हा लातूरला नर्सिंग शिकत होती. तिला भेटायला गेले तेव्हा सर कॉम्प्युटरचा डबा पोत्यात बांधून एसटीने सोबत घेऊन गेले. मुलीला भेटण्याआधी ते गंजगोलाईजवळच्या गुरुपादप्पांच्या दुकानात शिरले. गुरुपादप्पा उदगीरकडचे, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी ते डबे बघितले आणि हसले. "अय्यो सर, चिनी ह्याच्याबरोबर आलंय, पण आत घातलंच न्हाई कुणी. मूळ सीडी पायजे." त्यांच्याकडे विंडोज एक्सपीची मूळ सीडी होती. ती घातली, कुठल्याशा चौकटीत टिचकी मारली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि डब्यांच्या जागी अक्षरं उभी राहिली! सर खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. रस्त्याने जाणाऱ्या एका दूधवाल्याला आत ओढून त्यांनी ती अक्षरं दाखवली. दूधवाला म्हणाला, "चांगली हायत," आणि गेला. धम्मप्रिया तिकडे हॉस्टेलच्या दारात वडलांची वाट बघत बसली होती.

वाचायचं झालं, पण लिहायचं कसं? कळफलकावर तर मोजक्या कळा, आणि अक्षरं हजारोंनी. बहुतेक लोक उच्चार इंग्रजीत टाईप करतात आणि कॉम्प्युटर अक्षर दाखवतो. सरांना उच्चारच नको होते. गुरुपादप्पांनी यादीतल्या एकेक पद्धती चालवून दाखवल्या, आणि त्यात तैवानकडची एक जुनी पद्धत निघाली. तिच्यात प्रत्येक कळीवर अक्षराचा एक तुकडा असतो. एका कळीवर सूर्य, दुसरीवर चंद्र, मग सोनं, झाड, पाणी, विस्तव, माती, बांबू, असं करत हात, तोंड, डोंगर, बाई, शेत. तुकडे क्रमाने मारले की अख्खं अक्षर तयार. सूर्य आणि चंद्र मारा, उजेड. झाड आणि झाड मारा, रान.

सर ओरडलेच, "अप्पा, हे तर रेमिंग्टन हाय!"

ही गोष्ट मराठी टायपिंग न शिकलेल्याला पटकन कळायची नाही. आमच्या रेमिंग्टन मशीनवर अख्खं अक्षर मिळायचंच असं नाही. अर्धा भ मारायचा, मग काना जोडायचा, तेव्हा कुठे भ पुरा होतो. ख तसाच, श तसाच. तुकड्यांनी अक्षर बांधणं हेच ज्याने जन्मभर शिकवलं, त्याला चिनी अक्षर बघून घाम कशाला फुटेल? त्या पद्धतीचं खरं नाव सरांना म्हणता येत नाही, मलाही येत नाही. सर तिला "तुकड्याचं टायपिंग" म्हणतात.

घरी येऊन सरांनी कळांवर मराठी चिठ्ठ्या डकवल्या. डॉक्टरी चिकटपट्टीचे इवलेसे तुकडे सरजाबाईंनी कापून दिले. सगळं सुरळीत चाललं होतं, पण एका कळीचा तुकडा निघाला "प्रेत". सरजाबाईंनी कात्री खाली ठेवली. "मी न्हाई देणार कापून. लेकराबाळाच्या घरात रोज त्याच्यावर बोट ठेवणार व्हय?" सरांनी बुद्धिवादावर एक छोटं भाषण दिलं. सरजाबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि चिकटपट्टी कपाटात ठेवून दिली. ती कळ कोरीच राहिली. पुढे कॉम्प्युटर बदलले, पडदे बदलले, कीबोर्ड मात्र तोच आहे आणि ती कळ अजूनही कोरी आहे.

मग आली पिवळी पाटी. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून त्यांना एक छोटासा प्रोग्राम करून पाठवला. चिनी अक्षरावर माउस नेला की शेजारी पिवळी पाटी उघडते आणि तिच्यावर मराठीत अर्थ दिसतो. प्रोग्राम विद्यार्थ्याचा, पण अर्थ भरले सरांनी. चिनीचा इंग्रजी शब्दकोश, त्यावरून इंग्रजी-मराठी शब्दकोश, आणि अडलं तिथे सरजाबाई. "वाळवणावर राखण ठेवतात त्याला काय म्हणतो गं आपण?" असं काहीही विचारायचे. त्यामुळे सरांच्या पाटीवर पुस्तकी मराठी फार कमी सापडतं. घोंगडी आहे, उखळ आहे, "पायाला गोळे येणे" आहे. मी सुट्टीत गेले की तासभर नुसता माउस फिरवत बसायची. अक्षरामागून अक्षर, पाटीमागून पाटी! समोर ते अनोळखी चिनी आणि आतून आमच्या हदगावचं मराठी डोकावतंय, मला तर खुदुखुदू हसू यायचं.

अशी वर्षं गेली. इन्स्टिट्यूट बंद झाली, सरांचे केस पांढरे झाले, दोन छोटे ग्रंथ पूर्ण मराठीत आले. आणि इथेच खरी टोचणी होती. सरांनी लावलेले अर्थ बरोबर आहेत की नाहीत, हे सांगणारा माणूसच नव्हता. ना हदगावात, ना नांदेडात, ना लातुरात. परगावच्या विद्यापीठांना त्यांनी लिहिलं, कोणाचं उत्तर आलं नाही. हदगावात चेष्टा सुरू झाली, आणि सरांच्या मूळ गावी तर त्याहून जास्त. "सर काहीबी सांगून राहिले, कोणाला कळतंय?" तिकडचे एक गृहस्थ तर दुकानात सगळ्यांदेखत म्हणाले, की मीपण उद्यापासून जपानी वाचतो. तिथे मी असते तर त्यांना जपानीतच काही ऐकवलं असतं. सरजाबाईंचं उत्तर मात्र ठरलेलं होतं. "मला चिनी कळत न्हाई. पण ह्या माणसानं कधी खोटा आकडा लिहून पोरगं पास केलं न्हाई." हे त्या कोणालाही सांगायच्या, भाजीवालीलासुद्धा. मग घरी येऊन गप्प बसायच्या.

सर मला एकदाच बोलले होते. "तनुजा, पेपर लिहून ठेवलाय. तपासनीसच आला न्हाई." 

तो तपासनीस शेवटी आला, तोही न सांगता.

हिमायतनगरच्या पुढे पैनगंगेच्या काठाला सरांचं मूळ गाव आहे. तिथे नवं विहार बांधलं गेलं आणि तैवानच्या एका विहाराने बुद्धमूर्ती दान दिली. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला तिथल्या एक वृद्ध भिक्खुणी स्वतः यायच्या होत्या. गावच्या विहार समितीच्या अध्यक्ष महामायाताई. उंचपुऱ्या बाई, माईक नसला तरी चालेल असा आवाज. पाहुण्यांबरोबर एक दुभाषी मुलगा येणार होता, पण तो नांदेडला पोहोचता पोहोचता तापाने फणफणला आणि लॉजवर झोपून राहिला. महामायाताईंनी सकाळी सकाळी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "ताई, माझी बोटं बोलतात, तोंड न्हाई." ताई म्हणाल्या, "हाव, हाव, या लवकर," आणि फोन ठेवला. त्यांनी फक्त "बोलतात" एवढंच ऐकलं होतं, याबद्दल माझी खात्री आहे.

मी रविवारची माहेरी आलेली. सरांनी मला वायरी जोडायला म्हणून सोबत घेतलं. ऑटोत पुढे पडदा, मागे कॉम्प्युटरचा डबा, सरजाबाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड आणि पायाशी शिदोरीचं गाठोडं.  वाटेत सरांची बोटं गुडघ्यावर काहीतरी टाईप करत होती. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. ज्या गावात इतकी वर्षं चेष्टा झाली, त्याच गावात परीक्षा, आणि तीही तोंडी!

मांडव गच्च भरला होता. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, लेकरं, म्हातारी माणसं. व्यासपीठाजवळ भिक्खुणी बसल्या होत्या, काटकुळ्या, करड्या चीवरात, शेजारी त्यांची एक तरुण शिष्या. आम्ही पोहोचतो न पोहोचतो तोच महामायाताईंनी माईकवर ते "गाढे अभ्यासक" सुरू केलं. टाळ्या झाल्या. भिक्खुणींचा चेहरा खुलला, त्या सरांकडे वळून भराभरा बोलायला लागल्या. सर हात जोडून उभे. त्या थांबल्या, पुन्हा काही विचारलं. सर हात जोडून उभेच. मागून कोणीतरी खुसखुसलं. "बोला की सर, जपानीत तरी बोला!" मांडवभर हशा पिकला. सरजाबाई मागे मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. माझे कान तापले. मी तोंडातल्या तोंडात त्या माणसाला जे म्हटलं, ते इथे लिहिता येणार नाही.

पण खरी वेळ अजून पुढे होती. भिक्खू-भिक्खुणींचं भोजन दुपारच्या आत आटोपावं लागतं, म्हणून आधी भोजनदान होतं. गावातल्या बायांनी पहाटेपासून राबून स्वयंपाक केला होता. वाढणाऱ्यांचा उत्साह असा, की भातावर वरण, वरणावर वांग्याची भाजी, बाजूला ठेचा, सगळं एका दमात ताटात पडलं. भिक्खुणींनी ताट जवळ घेतलं, वाकून पाहिलं, आणि हात जोडून ते हळूच बाजूला सारलं. शिष्येनेही सारलं. बायांनी आग्रह केला, दुसरं ताट आणलं. तेही बाजूला गेलं.

मांडव गप्प झाला. मी मराठ्याच्या घरातली, त्या वस्तीतली नाही, पण ती शांतता मलाही कळली. आपल्या हातचं कोणी खात नाही, हे त्या लोकांना नवं नव्हतं. इतक्या लांबून आपलं म्हणून आलेलं माणूसही ताट सारतं? एक म्हातारी हळूच म्हणाली, "इथंबी तेच का बाई?" महामायाताईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. त्या सरांजवळ येऊन म्हणाल्या, "सर, विचारा. काय वाट्टेल ते करा, पण विचारा." पोरांनी मोबाईल काढले होते, भाषांतर करायला, पण त्या गावात रेंज नदीच्या अलीकडे येतच नाही, पलीकडे विदर्भातच घुटमळते. भिक्खुणी खुणा करून काही सांगत होत्या. नाकाजवळ हात नेत होत्या, आणि त्या खुणेने तर बाया आणखीच दुखावल्या. शिष्येला इंग्रजी येत होतं, पण ते "थँक्यू"पाशी संपत होतं.

"तनुजा, लाईन," सर म्हणाले.

मी लाऊडस्पीकरच्या जनरेटरवरून लाईन घेतली. टेबल आलं, पडदा लागला, कॉम्प्युटर सुरू झाला. सर खुर्चीत बसले, पाठ ताठ, कोपरं अंगाशी, आम्हाला शिकवायचे तसेच. आणि त्यांची बोटं चालायला लागली. माणूस, सूर्य, बांबू, तोंड. पडद्यावर एकेक अक्षर उभं राहायला लागलं. सगळ्यात पुढे उभं राहून मी बघत होते. समजा त्या बाईंनी वाचलं आणि मान हलवून नाही म्हटलं तर? इतक्या वर्षांचं ते सगळं सगळ्यांसमोर तिथेच मातीत गेलं असतं.

सरांनी आधी खुशाली विचारली. पण त्यांना चिनी येतं ते जुन्या ग्रंथांतलं. आजचे लोक कसे बोलतात ते त्यांना काय ठाऊक! शिष्य तथागतांना भेटायला जाताना जसं विचारतात, तसंच सरांनी लिहिलं. अंगाला पीडा नाही ना, मनाला ताप नाही ना, ऊठबस हलकी होते ना. भिक्खुणी उठून पडद्याजवळ आल्या. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या इतक्या जोरात हसल्या, की आम्ही सगळे दचकलोच. सर पांढरेफटक पडले. पण त्या हसता हसता डोळे पुसत होत्या, शिष्येला हाताने ओढून पडदा दाखवत होत्या, आणि मग दोघींनी सरांपुढे वाकून हात जोडले. हजार वर्षांमागचा कोणी मांडवात येऊन "कशा आहात बाई" म्हणाला असता, तर दुसरं काय झालं असतं? मी टाळीच वाजवली. का वाजवली ते कोणाला कळलं नाही, पण दोन-चार लेकरांनीही वाजवली.

सर उठले आणि त्यांनी भिक्खुणींना खुर्ची दिली. बाई बसल्या. त्यांनी कीबोर्डवरच्या मराठी चिठ्ठ्या पाहिल्या, एकेका कळीवरून बोट फिरवलं, आणि कोऱ्या कळीवर येऊन थांबल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी सरळ मागे खांबाकडे, सरजाबाईंकडे बोट दाखवलं. बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्या गालात हसल्या. आणि मग त्यांची बोटं सुटली! समोर पडद्यावर नजर, मान सरळ, आणि बोटं भराभरा.

"तनुजा, बघ, बघ!" सर सगळं विसरून ओरडले. "खाली बघत न्हाईत! टॉवेलाची गरज न्हाई! अगं, शिकलेला हात हाय हा!"

"सर, आधी वाचा," मी म्हटलं. मला त्यांना हलवावंसं वाटत होतं.

सर वाकून वाचायला लागले. त्यांच्यासाठी बाईंनीही जुन्या ग्रंथांच्याच वळणाने लिहिलं होतं. सर मोठ्याने मराठीत सांगू लागले. "तरुणपणी मी... यंत्रात ग्रंथ उतरवत असे. पुष्कळ जणी... एका खोलीत... रात्रंदिवस." सर थांबले. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरमधले ग्रंथ कोणीतरी एकेक कळ मारूनच उतरवलेले असणार, हे त्यांच्या मनात आधी कधी आलं नसावं.  महामायाताईंनी मागून कोपराने ढोसलं, "सर, जेवणाचं!"

सरांनी उभ्या उभ्याच टाईप केलं, कोणत्या कारणाने अन्न घेत नाही. बाईंनी लगेच उत्तर लिहिलं. सर वाचत गेले. "अन्न चांगलं. करणारे हात शुद्ध. देणाऱ्यांना... पुण्य. पण आमच्या शीलात... पाच उग्र गोष्टी... वर्ज्य." सरांनी कपाळावर हात मारला. "पाच उग्र! हे मी वाचलंय! ग्रंथात येतं, पण पाच कोणत्या ते कधी कळलं न्हाई!" त्यांनी धावतपळत टाईप केलं, कोणत्या पाच. बाईंनी एक अक्षर मारलं. शब्दकोशावरून कधीतरी त्यांनीच ते भरलं असणार, पण आता पाहून ओळखू येईना. त्यांनी माउस माझ्या हातात दिला. मी बाण त्या अक्षरावर नेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पिवळी पाटी उघडली.

महामायाताईंनी ती वाचली, आणि आता त्यांचा मूळचा आवाज परत आला. "लसूण!"

"काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"अगं बायांनो, लसूण! हे बघा, मराठीत लिहिलंय! ह्यांच्यात लसूण चालत न्हाई!" बाईंनी दुसरं अक्षर मारलं, मी बाण नेला, पाटी उघडली. आता पुढे सरकलेल्या चार-पाच बायांनी एकदम वाचलं, "कांदा!" मांडवात जो आरडाओरडा झाला तो काय सांगू! वरणात लसूण, भाजीत लसूण, ठेच्यात तर लसूणच लसूण. वाढणाऱ्या बाया एकमेकींच्या खांद्यावर हात मारून हसत होत्या, एकीच्या तर डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती मघाची म्हातारी म्हणाली, "लसणानं घात केला बाई, मी म्हटलं आपणच नको झालो." मी हसत होते आणि रडतही होते, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

पण ऊन डोक्यावर येत चाललं होतं आणि बाई उपाशीच होत्या. दुपार टळली की त्या काही खाणार नव्हत्या. नवा भात शिजायला वेळ लागणार होता. तेवढ्यात भिक्खुणींनी पुन्हा काही टाईप केलं. सरांनी ते वाचलं. "काय म्हणल्या?" सगळ्यांनी विचारलं. सर खाली बघत म्हणाले, "म्हणतात, ज्या बाई खांबाला धरून उभ्या हायत, त्यांना पुढं बसवा."

सगळ्या मांडवाच्या माना मागे वळल्या. सरजाबाई खांब सोडायला तयार होईनात. शेवटी दोघींनी हाताला धरून त्यांना पुढे आणलं आणि भिक्खुणींच्या शेजारी बसवलं. हातात गाठोडं तसंच होतं. बसल्यावर काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी गाठोडं सोडलं. आत दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या, गुळाचा खडा आणि एका पुडीत लसणाची चटणी. चटणी दिसताच महामायाताईंनी झडप घालून पुडी उचलली आणि पाठीमागे लपवली, जणू पोलीसच आले होते.

"दशमीत लसूण न्हाई ना गं?" ताईंनी दटावून विचारलं.

"दशमीत कोण घालतं लसूण?" सरजाबाई म्हणाल्या. त्यांनी दशमीवर गूळ ठेवला आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

सर घाईघाईने कीबोर्डकडे वळले. त्यांनी टाईप केलं, दूध, धान्य, ऊस, आणि पाच उग्र गोष्टींपैकी एकही नाही. मान्य आहे का? भिक्खुणींनी पडदा वाचला. सरांकडे पाहिलं. मग त्यांनी दशमी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, अर्धी मोडून शिष्येला दिली आणि गुळाशी खायला सुरुवात केली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळा गाव नुसता बघत होता, त्या कशा चावतात, कशा गिळतात. दशमी संपली तेव्हा त्यांनी दुसरीसाठी हात पुढे केला.

मग आणखी कितीतरी वेळ पडद्यावर गप्पा चालल्या. मूर्ती बसली, वंदना झाली, संध्याकाळी पाहुण्यांच्या गाडीला निरोप द्यायला सगळं गाव वेशीपर्यंत गेलं. मघाशी जपानीची आठवण काढणारे गृहस्थ कॉम्प्युटरचा डबा स्वतः उचलून ऑटोत ठेवत होते. मी त्यांना म्हटलं, "सांभाळून काका, आत चिनी हाय." ते ओशाळं हसले.

परत येताना कीबोर्ड पुन्हा सरजाबाईंच्या मांडीवर होता. सर खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनच स्वतःशी हसत होते. मला एकाएकी आठवलं, आणि मी ओरडलेच. "सर! ते विचारायचं राहिलंच की! तुमचे अर्थ बरोबर हायत का, ते! इतकी वर्षं तपासनीस पाहिजे होता ना तुम्हाला? आता गेल्या त्या!"

 सरजाबाईंनी मांडीवरचा टॉवेल नीट केला, रिकामं गाठोडं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "आता काय विचारायचं राहिलंय, तनुजा? खाल्लं न्हाई का त्यांनी?"